कोठाराची किल्ली

भोर संस्थानाच्या काळातली गोष्ट. उत्रोलीच्या यात्रेतल्या नाटकात वर्षानुवर्षं नुसता भाला धरून उभ्या राहणाऱ्या ठकूच्या आबांना यंदा राजाचं काम मिळालं. हा राजा हावेपोटी भावाचं सिंहासन बळकावतो, दुष्काळात कोठाराला कुलूप घालतो, आणि शेवटी पश्चात्तापानं किल्ली प्रजेकडे फेकून, गात गात प्राण सोडतो. "ठके, मी मेलो तरी वरडायचं न्हाई," आबांनी बजावलं होतं. प्रयोगात किल्ली नेमकी पुढ्यात बसलेल्या ठकूच्याच परकरात पडली. आबा कोसळले. ठकूनं तोंड दाबून धरलं, पण डोळे ऐकेनात. तेवढ्यात अख्खं गाव ओरडलं, "वन्समोर!" मेलेल्या राजानं एक डोळा उघडला. "ठके, किल्ली आण! पुन्यांदा मरायचंय!" ती हसत धावली. आबांनी पुन्हा गाऊन किल्ली तिच्याकडेच फेकली, पुन्हा मेले. सगळ्यांआधी ठकूच ओरडली, "वन्समोर!" त्या दिवशी तिनं मागितलं तितक्या वेळा आबा उठले.