जोडीचा फोटो

आजवरच्या प्रत्येक सहलीत फोटो पप्पाच काढायचे. ताजमहाल असो की जोगचा धबधबा, समोर मम्मी एकटी उभी. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायचे नाहीत. या वेळी मात्र अजिंठा, लोणार, सांची, सगळीकडे पप्पाही फोटोत होते, मम्मीच्या खांद्यावर हात टाकून. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं 'झकास जोडी!' चाललेलं. भांडुपला त्यांची लेक चेतना मात्र एकेक फोटो मोठा करून पप्पांची बोटंच बघत होती. किती घट्ट धरलाय खांदा!

बोधगयेचा फोटो आला तसा तिने फोन लावला.

"पप्पा, खरं सांगा. कॅमेरा दुसऱ्यांना का देताय? तुमचे हात थरथरतात ना? उभं राहवत नाही म्हणून मम्मीला धरताय ना?"

"मला काय धाड भरलीय?" पप्पा हसले.

"मग तिच्या खांद्यावरचा हात काढा आणि तसा एक फोटो पाठवा. आत्ता."

 पप्पा आवाज खाली करून म्हणाले, "हात काढला की ती पडते गं."