मानेची उशी

मान पुन्हा पुढे पडली.

दुकानदाराने घाईघाईने ती उशी काढली आणि दुसरी, निळ्या रंगाची, रत्नप्रभाच्या गळ्याभोवती बसवली. "अंकल, ये मेमरी फोम है. प्लेन में इससे सब सो जाते हैं."

स्टुलावर बसलेल्या बायकोसमोर गोपीनाथ गुडघे वाकवून उभे होते, नजर तिच्या हनुवटीवर. हनुवटी उशीवर टेकली, क्षणभर थरथरली आणि कडेवरून घसरून छातीला लागली. त्यांनी दोन्ही तळहातांत तिचं डोकं धरून सरळ केलं. हे डोकं इतकं जड असतं, हे त्यांना या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

याआधी घराजवळच्या पिपलानीच्या बाजारात मिळाली होती ती फुगवायची उशी. तिच्यात मान बुडून जायची. डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता, पण तो लावला की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. मग सोनागिरीतल्या सीटकव्हरवाल्याकडून गोपीनाथांनी स्वतः माप देऊन एक उशी शिवून घेतली. उभा जन्म कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची जुळणी करण्यात गेला होता. एवढाली धुडं आपण जागच्या जागी बसवली, मग एक मान बसणार नाही? घरी जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडून त्यांनी विमान तयार केलं, रत्नप्रभाला मधल्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभे राहून वाट पाहिली. मान आधी उजवीकडे कलली, मग पुढे आली. त्यांनी ती उशी उसवली, कापूस काढला, पुन्हा भरला, पुन्हा शिवली. काही उपयोग झाला नाही.

मेलबर्नला जायचं होतं. विजय, त्यांचा एकुलता एक मुलगा, मुलगी झाल्यापासून बोलावत होता. आजीने नातीला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. गोपीनाथ दर वेळी पुढच्या वर्षावर ढकलत आले होते. मग डॉक्टरांनी रत्नप्रभाला बाहेर बसवून त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. एकेक स्नायू निकामी होत जाणार, आधी मान, मग गिळणं, मग श्वास. यावर औषध नाही. मुलाकडे न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पुढे प्रवास झेपायचा नाही.

बाहेर येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "नसा कमजोर झाल्यात म्हणे. विजयकडे जाऊ, तिथल्या हवेत भरून येतील."

तिने मान हलवली. तेव्हा ती अजून हलत होती.

त्या दिवसापासून रत्नप्रभाने स्वयंपाकघरातलं आपलं काम सोडलं आणि नवऱ्याला ओट्यापाशी उभं केलं. स्वतः दाराशी खुर्चीवर बसून राहायची. "कुकरला पाणी जास्त झालं. हिंग आधी घाला, मग हळद. पोळी नाही जमली तर नाही, भात तरी नीट यायला हवा." तिचे शब्द आताशा जड, ओले होऊन यायचे. गोपीनाथांना वाटे, बरंच आहे, तेवढाच तिला आराम. तिने आपल्या चांगल्या साड्या एकेक करून शेजारच्या शालिनीला देऊन टाकल्या, तेव्हाही त्यांना काही वावगं वाटलं नाही. विमानात सामानाचं वजन पाहतात, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.

एक उशी. एवढी एक गोष्ट जमली की सगळं जमेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून आज शहरातलं मोठं न्यू मार्केट.

"और दिखाओ," ते म्हणाले.

"अंकल, बुरा मत मानना." दुकानदाराने आवाज खाली आणला. "तकिया सहारा देता है. गर्दन में कुछ तो जान चाहिए."

"और दिखाओ म्हणतोय ना!" गोपीनाथ ओरडले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "जितने हैं सब निकालो! महंगे वाले निकालो!" त्यांनी काउंटरवरच्या उशा स्वतःच ओढायला सुरुवात केली, एक खाली पडली, ती उचलायला वाकले आणि तिथेच फरशीवर बसले. त्यांना उठता येईना. खांदे गदगदत होते. लोक बघताहेत हे कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"अहो," रत्नप्रभाने हाक मारली. "इकडे या."

ते सरकत तिच्या स्टुलापाशी आले. तिने कसाबसा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग छातीवर टेकलेली हनुवटी तशीच ठेवून दुकानदाराला म्हणाली, "भैया, अब इनके नाप का दिखाइए."

"मला कशाला?" गोपीनाथांनी डोळे पुसले. "मी कुठला झोपतोय, प्रभा? मी तुझं डोकं धरून बसणार सगळ्या वाटेने."

"जाताना धराल हो," ती म्हणाली. "येताना एकटेच असाल. तेव्हा झोप लागायला हवी."