कोठीवाल्याचं पिस्तूल

घोंगडीवर पाच पिस्तुलं मांडून हवालदार हिरामण दोन पावलं मागे सरला आणि सगळ्यांच्या हातांकडे बघत उभा राहिला.

अलिबागच्या किनाऱ्यावर पोलिसांची वर्षाची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची चुरस, होती. पहिल्या येणाऱ्याला चांदीचा पेला. पिस्तुलं उचलायची ती हुद्द्याप्रमाणे, पण एक नियम फार जुना. हत्यारांची कोठी ज्याच्या ताब्यात, त्याने सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. नाहीतर चांगलं हत्यार तो स्वतःसाठीच राखून ठेवायचा! कोठी अकरा वर्षं हिरामणच्या ताब्यात होती. अकरा वर्षं त्याने उरलंसुरलं उचललं होतं आणि अकरा वर्षं पेला दुसऱ्याच्या घरी गेला होता. हिरामणच्या तोडीचा नेम लाइनीत कुणाचा नाही, हे पेला नेणारेसुद्धा कबूल करत. नुसत्या कबुलीचं काय लोणचं घालायचं? चैत्रात त्याला पेन्शन लागणार होती. म्हणजे ही शेवटची.

पाचांत धड पिस्तूल एकच होतं, आणि ते तेल घालणाऱ्या हिरामणशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एकाचा चाप जड, एकाची मूठ हलती, उरलेल्या दोहोंच्या नळ्या झिजून गेलेल्या. यंदा त्याने ही चार दळभद्री घासूनपुसून लखलखीत केली आणि चांगल्याला आठ दिवस मिठाच्या पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं. बाप पेणकडच्या मिठागरावर राबलेला. मीठ लोखंडाला किती दिवसांत किती खातं, हे हिरामण लहानपणापासून बघत आला होता. बाहेरून पिस्तूल तांबडं झालं, आतली नळी मात्र तेल पाजून जपलेली. त्याला लाज वाटली नाही असं नाही. पण अकरा वर्षं फार झाली.

"हे रे काय?" जमादार रावजींनी गंजक्या पिस्तुलाकडे बघून नाक मुरडलं.

"खारी हवा हाय, जमादारसाहेब. किती पुसा, धरतंच."

पहिला मान फौजदार जैनुद्दीनसाहेबांचा, पण त्यांनी "तुम्ही घ्या आधी" म्हणून हात केला. रावजींनी एक चकचकीत उचललं. दोन शिपायांनी दोन उचलली. उरलं एक चकचकीत आणि एक तांबडं. आता साहेब काय गंजकं घेणार होते थोडेच! हिरामणने खुशीत मिशीवरून हात फिरवला.

"हिरामण, पुढे ये," जैनुद्दीन म्हणाले. "यंदा तुझं शेवटचं वर्ष. माझी पाळी तुझी. उचल."

हिरामणला आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्याने झटकन हात घातला तो तांबड्यावरच.

"अरे, अरे!" साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "उरलेलं घेण्याची इतकी सवय झाली तुला? मी इथे आल्यापासून बघतोय. हा तकल्लुफ, हा संकोच आज चालायचा नाही."

"न्हाय साहेब, मला हेच बरं हाय."

"बरं कसलं! मूठ धरवत नाही त्याची." त्यांनी चकचकीत पिस्तूल उचलून हिरामणच्या तळहातावर ठेवलं आणि वरून त्याची बोटं स्वतः मिटली. "खुदा कसम, गंजकं आज मी घेणार."

"साहेब, ऐका तरी..."

"हुकूम आहे."

हिरामणच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलणार काय, कपाळ? ते चांगलं आहे म्हणावं, तर मग त्याच्यावर गंज आला कुठून? पेन्शनच्या तोंडावर नोकरी जायची. त्याने हातातलं पिस्तूल पाहिलं आणि वजनावरूनच ओळखलं. सगळ्यात झिजक्या नळीचं. चार संध्याकाळी खपून त्यानेच ते आरशासारखं केलं होतं.

त्याने श्वास रोखून सहा गोळ्या झाडल्या. हात तसूभर हलला नाही. दोन गोळ्या लागल्या, तीन कुठे गेल्या ते त्या नळीलाच माहीत, आणि सहावीने मागच्या वाळूच्या बांधावर बसलेला कावळा उठवला. शिपाई फिदीफिदी हसले. हिरामणने दात असे आवळले की जबडा दुखला.

जैनुद्दीनसाहेबांचा नेम बेताचाच. ते स्वतःही ही गोष्ट कधी लपवत नसत. त्यांनी सहा गोळ्या झाडल्या आणि त्यातल्या पाच निशाणाच्या काळ्या चांदात बसल्या. रावजींनी दोनदा मोजून बघितल्या.

"माशाल्ला!" साहेब पिस्तूल उलटसुलट करून बघत राहिले. "आणि मी याला मोडीत काढा म्हणून लिहिणार होतो! हिरामण, धर. आजच साफ कर हे."

हिरामणने ते घेतलं. नळी अजून गरम होती. मूठ त्याच्या पंजात अशी बसली, जशी गेली अकरा वर्षं तेल घालताना बसायची.

"आणि पेला मी हिरामणच्याच हातून घेणार," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चांदमारी त्याची शेवटची आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरामणने पिस्तूल घोंगडीवर ठेवलं, तसा रावजींनी पेला आणून त्याच्या हातात दिला. तो समुद्रात भिरकावून द्यावा असं हिरामणला वाटलं. अकरा वर्षांत त्याने पेला पहिल्यांदाच हातात धरला होता, आणि तो त्याला वाटला होता त्याहून हलका निघाला. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. पांढऱ्या चांदीवर त्याच्या अंगठ्याचा तांबडा डाग उठला होता. तो घाईघाईने बाहीने पुसू लागला, तसा डाग आणखीच पसरला.

"राहू दे रे," जैनुद्दीन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुझी खूण राहील माझ्याकडे."