गेरूची तारीख

पहिला फटका खांद्यावर बसला आणि फवारणीवाला पाठीवरच्या टाकीसकट उंबऱ्यात कोलमडला.

हा मुलाचा. मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचा. दोन महिने ताप, काडीसारखे हातपाय, मडक्याएवढं पोट. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी मोहरीएवढी माशी चावून हे होतं, असं दवाखान्यात कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. जन्मभर लोकांची पक्की घरं बांधणारा मिस्त्री स्वतः मात्र मातीच्या घरात राहायचा.

दुसरा फटका. पितळी नळी फवारणीवाल्याचीच होती, आता ती मिस्त्रीच्या हातात होती.

हा मुलीचा. ती आत खाटेवर पडली होती. सात वर्षांची. आज सकाळी दवाखान्यातल्या बाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि लगेच रक्त काढायला घेतलं. मिस्त्रीला तेवढं पुरलं. आणि दुपारी हा गृहस्थ दुसऱ्या फेरीला दारात हजर, वर हसत.

"औषध विकून खाल्लंस आणि माझ्या घरात पाणी मारून गेलास."

"आईशपथ, मिस्त्री, औषधच मारलंय."

शेजारी जमले. सोडवायला कुणी पुढे झालं नाही.

"औषधाचा वास तरी आला होता का कुणाला?"

"वास ह्याच्या तोंडाला येतो तेवढाच."

कुणीतरी हसलं. मिस्त्रीची बायको मध्ये पडली. "अहो, पुरे. मरेल तो."

"मरू दे."

फवारणीवाल्यानं तोंडातलं रक्त थुंकलं. "माशी रक्त पिते आणि जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असलं तर पुन्हा उडत नाही. सहा महिने चालतं ते. फवारून झालं की मी दाराच्या डाव्या अंगाला गेरूनं तारीख लिहितो. प्रत्येक घरात. ती बघा आणि मग घ्या जीव."

मिस्त्रीनं गचांडी धरून त्याला आत ओढलं.

"दाखव."

डाव्या अंगाची भिंत ताटासारखी गुळगुळीत होती. मुलीची खाट तिलाच लागून. मुलगा गेला तेव्हा ह्याच भिंतीला बोटबोटभर भेगा होत्या. आता जाळं विणायला कोळ्यानंही आधार शोधावा. भेग नाही, डाग नाही. तारीख नाही.

फवारणीवाला बघतच राहिला. "इथंच लिहिली होती," तो पुटपुटला.

तिसरा फटका नळीचा नव्हता. मिस्त्रीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भिंतीवर आपटलं. एकदा. मग आणखी जोरात.

फुटली ती भिंत.

परातीएवढा पोपडा सुटला, जमिनीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. पोपड्याची मागची बाजू पिठासारखी पांढरी होती. नवी माती खालच्या भिंतीला चिकटलीच नव्हती. उघड्या पडलेल्या जागी जुन्या भेगा होत्या, भेगांवर पांढरी भुकटी होती, आणि भुकटीवर गेरूचे तांबडे आकडे. चार महिन्यांपूर्वीची बारा तारीख.

नळी घरंगळत खाटेखाली गेली. दारातली माणसं एकेक करून मागे सरकली.

फवारणीवाला भिंतीला टेकून बसला. एक डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं आकडे पाहिले, पोपडा पाहिला, मग बोटानं भुकटी चाचपली.

"ही भिंत लिंपली कुणी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. बायकोनं खुंटीवरच्या थापीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिस्त्रीचे हात अजून पुढेच होते, डोकं धरल्यासारखे.

खाटेवरून बारीक आवाज आला. तापातही त्यात कौतुक होतं.

"बाबांनी. तुम्ही गेल्यावर लगेच. माझ्यासाठी."