दोनच मिनिटं, काकू

मिरगाच्या तोंडावरचा वारा आज रुद्राणीशी वैर धरूनच बसला होता. वळसंग सोडल्यापासून तो समोरून थोबाडीत मारत होता आणि पायडल मारून मारून तिच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. त्यात अक्कलकोट रोडचे ट्रक. एकेक असा खेटून जाई, की सायकल निम्मी खडीत उतरे. "जा बाबा, तूच जा आधी," असं ती प्रत्येकाला म्हणे आणि वर कन्नडमधून एक शिवी हासडे. शिवी कन्नडमधूनच नीट बसते, असं तिचं मत होतं.

आज मात्र शिव्या घालत बसायलाही वेळ नव्हता. टॉवेलच्या मिलमध्ये आठची पाळी. दोनदा उशीर झालेला. एकदा ह्याच वाऱ्यानं, एकदा पंक्चरनं. तिसऱ्यांदा झाला की शिलाईच्या मशीनवरून उचलून रंगखात्यात टाकतात, हा मिलचा नियम. तिची जाऊ धनलक्ष्मी रंगखात्यात वर्षभर होती. तिचे हात असे फुटले, की आता तिला भाकरी थापता येत नाही. रुद्राणीला ते हात आठवले की चढावरसुद्धा जोर येई.

मिल दोन चढांवर राहिली असताना रस्त्याकडेला मांडव दिसला आणि एक तरुण हात हलवत आडवा आला. काळा चष्मा, डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे.

"काकू, थांबा! काकू, प्लीज!"

आपलंच काहीतरी पडलं असं वाटून तिनं ब्रेक दाबला. इथंच ती चुकली.

"मी कुमार. आज सायकल दिन आहे, काकू. आमच्या क्लबला अगदी तुमच्यासारखंच कुणीतरी हवं होतं. रोज कामाला सायकलवर जाता ना?"

"व्हय. आता बी कामालाच चाललेय. सोडा."

"दोनच मिनिटं, काकू."

आपल्याकडे सत्काराची दोन मिनिटं प्रमुख पाहुणे आल्यावर सुरू होतात. पाहुणे आले नव्हते. रुद्राणीला खुर्चीवर बसवलं. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी तिच्या विभूतीखाली कुंकू लावलं. ती उठली, तर सायकल जागेवर नाही. दोघांनी ती उचलून बॅनरखाली उभी केली होती. हँडलला झेंडूचा हार गुंडाळून झाला होता आणि मागच्या चाकाला फुगे बांधायचं चाललं होतं.

"अवो, माजी सायकल द्या! गेट बंद हुतंय!"

"गेटचं काय एवढं, काकू? आज तुम्ही हिरो आहात!" कुमार म्हणाला.

तिला रडू फुटेल इतका संताप आला. पण चारचौघं हसतमुखानं आपल्यासाठी टाळ्या वाजवत असताना भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पुन्हा खुर्चीत बसली. वारा परवडला.

मग एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून उतरले ते तिच्याच मिलचे मॅनेजर, उदयसिंह साहेब. रुद्राणीच्या जिवात जीव आला. खुद्द साहेबच इथं म्हटल्यावर कसला उशीर नि कसलं काय!

साहेबांनी तिला ओळखलं ते मिलच्या निळ्या एप्रनवरून. "अरे, ही तर आमचीच!" म्हणत त्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात घेतला. "ऊन असो, वारा असो, ही बाई कामाला चुकत नाही. जिद्द म्हणतात ती हीच!"

"साहेब," ती शाल सावरत हळूच म्हणाली, "आठ वाजून गेले. गेटवर तेवढा फोन करता का?"

"कॅमेऱ्याकडं बघा," साहेब हसतच म्हणाले.

फोटो झाला. साहेब गाडीत बसले आणि गाडी भुर्रकन गेली. रुद्राणीनं झेंडूचा हार ओरबाडला, फुगे फोडले आणि नारळ डब्याच्या पिशवीत कोंबून सायकलवर टांग मारली. चढ आज दुप्पट झाले होते.

गेट बंद होतं. आत वॉचमन गुंडा उभा होता, ओशाळलेला.

"अक्का, मी काय करू? हजेरीची मशीन आता अंगठा घेत न्हाय."

"आरं, तुज्या सायबापायीच उशीर झाला की!"

"म्हाईत हाय. ग्रुपवर फोटू आलाय न्हवं." त्यानं गजांतून मोबाईल दाखवला. मधे शाल पांघरलेली ती, शेजारी साहेब, खाली लिहिलेलं: आमच्या मिलचा अभिमान. गुंडाला मनापासून कौतुक वाटत होतं. "लई झ्याक आलाय, अक्का."

"मग उघड की."

"सायब आत जाताना बोलून गेल्यात, आता कुणाला बी सोडू नगंस." तो खाली बघायला लागला. "तुमचा तिसरा लेट, अक्का. उद्यापास्नं रंगखातं."

रुद्राणीनं त्या नव्या शालीनं तोंडावरचा घाम पुसला. मग फोटो पुन्हा नीट पाहिला आणि गजांतून हात घालून साहेबांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"गुंडा, ह्ये बी तितंच हुते की माज्या शेजारी," ती म्हणाली. "ह्येंचा अंगठा कसा घेतला रं मशीननं?"