न घेतलेलं नाव

नाटकात आई झालेल्या भागीरथानं पोराला नावानं हाक मारायची, एवढंच होतं; पण पोराचं नाव दौलत आणि तिच्या नवऱ्याचंही तेच. लग्नाच्या वीस वर्षांत तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात, वर्ध्याच्या नाट्यगृहातल्या संध्याकाळच्या अभिनयवर्गात आठ दिवस तिची जीभ तिथंच अडत होती. "स्टेजवर नवरा-बिवरा कोनी नसते, बाई!" अण्णाजी मास्तर वैतागले. "आज जमलं नाई तं पार्ट प्रमिलाबाईले देतो." भागीरथानं पदर खोचला. तेवढ्यात दारातून बॅटरीचा झोत तिच्या तोंडावर आला आणि त्यामागून नवरा कडाडला, "पुरे झाले तुये सोंगं! घरी चाल!" मग झोताकडेच रोखून बघत तिनं पोटातून हाक मारली, "दौलत!" झोत जमिनीवर उतरला. त्यामागच्या अंधारातून नकळत लेकरासारखी ओ आली, "आलो, माय!"