सव्वाशेची गोळी

हृदयाच्या ठोक्यांची पट्टी पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. "काकू, थायरॉइडची गोळी आधी खरंच रोज घेत होतात?"

ऋजुताच्या आईने बोटांवर वार मोजले. "उपवासाला नाही घ्यायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार... चतुर्थी, एकादशी."

"मग मला खोटं का सांगितलंत? रिपोर्ट सुधारेना म्हणून मी डोस वाढवत सव्वाशेवर नेला!"

"तुम्ही रागावला असता."

लेक ऋजुता मान खाली घालून ऐकत होती. आई तिच्याकडे राहायला आल्यापासून दोन महिने ती रोज, उपवासालाही, सव्वाशेची गोळी स्वतः आईला देत होती. छातीत धडधडतंय असं आई म्हणाली, तेव्हा "गोळी टाळायला बहाणे नकोत" म्हणून तिनेच पाणी पुढे केलं होतं.

"तिला काही बोलू नका हो," आई डॉक्टरांना म्हणाली. "पोरीने एक दिवस चुकवला नाही."